बाबांना अभंगाचे शब्द ऐकू यावेत म्हणून

"म्हणतोय काय ते कळतच नाही, नुसतं घुमतंय," असं म्हणून बाबांनी रिमोट खाली ठेवला. मी त्यातलं पहिलं अर्धं वाक्यच ऐकलं. दुसऱ्या अर्ध्यापर्यंत पोचायला मला आठ महिने लागले.

बाबा तुर्भ्याच्या मार्केटमध्ये माथाडी होते. आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत आणि कोपरखैरण्यातल्या भजनी मंडळात जातात. घरी रोज संध्याकाळी दोन तास अभंग ऐकणं हा त्यांचा नेम. वाशीच्या डॉक्टरांनी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याचा आलेख काढला तेव्हा २००० हर्ट्झच्या (सेकंदाला २००० कंपनांच्या) पुढचं ऐकणं बरंच उतरलेलं दिसलं. वयानुसार असंच होतं, आधी वरचे स्वर जातात. स, श, च, ट ही व्यंजनं ओळखू येतात ती बऱ्याच अंशी याच वरच्या भागामुळे. म्हणून गाणं ऐकू येतं, पण शब्द निसटतात. कानाच्या मशीनला ते तेव्हा तयार नव्हते. आमच्याकडे एक तयार होम थिएटरचा संच होता, छोटी छोटी खोकी आणि कोपऱ्यात एक सबवूफर. त्यात शब्द कमी आणि दणका जास्त. मी रबाळ्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, मल्टिमीटर आणि सोल्डरिंगचा हात आहे. ठरवलं, स्पीकर आपणच बांधू.

वूफर (खालच्या स्वरांचा स्पीकर) आणि ट्वीटर (वरच्या स्वरांचा) आणायला मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला गेलो. कोपरखैरण्याहून ठाणे, ठाण्याहून दादर, तिथून ग्रँट रोड. तिथे पहिला धडा मिळाला: खोक्यावरचे 'पीएमपीओ', म्हणजे फुगवून छापलेले वॅट वाचायचेच नाहीत. बघायची ती सेन्सिटिव्हिटी, म्हणजे १ वॅटला १ मीटरवर किती डेसिबल (आवाजाच्या जोराचं माप). माझा साडेसहा इंची वूफर ८६ डेसिबलचा आहे. वॅट दुप्पट केले तरी ३ डेसिबलच वाढतात, त्यामुळे आठ फुटांवरून ऐकणाऱ्या माणसाला शेकडो वॅटची गरजच नसते. २४ व्होल्टवर चालणारा टीपीए ३११६ चिपचा तयार अॅम्प्लिफायर बोर्ड घेतला, ८ ओहम रोधाच्या स्पीकरला साधारण ३० वॅट मिळतात. आजवर निम्म्याच्या वर बटण फिरवावं लागलेलं नाही.

पेटी किती लिटरची करायची हे अंदाजाने ठरत नाही. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे १९७० च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी याचं गणित बसवून दिलंय. वूफरचे तीन आकडे लागतात: तो मोकळा असताना कुठल्या स्वराला आपोआप डोलतो, ते डोलणं किती लवकर थांबतं आणि त्याच्या कोनाचा (पुढे हलणाऱ्या शंकूचा) ताण किती लिटर हवेच्या ताणाएवढा आहे. कागदावर छापलं होतं ४२ हर्ट्झ, ०.४५ आणि २० लिटर. त्यावरून बंद पेटी येत होती साधारण १४ लिटरची.

प्लाय कापायच्या आदल्या रात्री वाटलं, एकदा मोजून बघू. १० ओहमचा रेझिस्टर, लॅपटॉपचं साउंड कार्ड आणि आरईडब्ल्यू नावाचं आवाज मोजायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढ्यावर हे होतं. कोनावर ठरावीक वजन लावून पुन्हा मोजावं लागतं. मुलीच्या खेळण्यातली रंगीत माती घेतली आणि खालच्या सोनाराकडून बरोबर १२ ग्रॅम तोलून आणली. त्यांनी काट्यावर आधी माती ठेवली, मग माझ्याकडे बघितलं, पण विचारलं काही नाही. ती माती वळी करून कोनाच्या मधल्या घुमटाभोवती हलक्या हाताने बसवली.

आकडे आले ४६ हर्ट्झ, ०.५२ आणि १७ लिटर. म्हणजे पेटी १४ नव्हे, २० लिटरची हवी. त्या १४ लिटरमध्ये आवाज खाली किंचित फुगला असता आणि मी दोष वूफरला दिला असता. दुकानदाराला हे सांगितलं तर म्हणाला, "कंपनी देते तेच खरं." मी त्याच्याशी वाद घातला नाही. पण नवीन बांधणाऱ्या प्रत्येकाला सांगेन: वूफर आधी मोजा, मगच करवत लावा.

पेटीसाठी एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, स्वस्त, सपाट आणि कापायला सोपा. पण आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल धरतात, आणि एमडीएफची कापलेली कड एकदा फुगली की परत बसत नाही. मी १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय घेतला. मिस्त्रीकाकांनी पॅनल कापून दिले, आतमध्ये एक आडवी पट्टी मारली. पेटी बंद झाल्यावर वूफरचा कोन दोन बोटांनी अलगद आत दाबून सोडायचा. सावकाश परत आला तर पेटी हवाबंद आहे. माझी एक पेटी पटकन परत आली, वायरच्या भोकातून हवा जात होती. आत भरायला गादीवाल्याकडून उशीत घालतात तो पॉलिस्टरचा पिंजलेला धागा आणला. कापूस नको, तो दमट होतो.

क्रॉसओव्हरवर, म्हणजे खालचे स्वर वूफरला आणि वरचे ट्वीटरला वाटून देणाऱ्या सर्किटवर, सर्वात जास्त वेळ गेला. तयार क्रॉसओव्हर बोर्ड दीडशे-दोनशेला मिळतात, पण ते स्पीकर सगळीकडे ८ ओहमच असतो असं धरून केलेले असतात. तसा तो कधीच नसतो, स्वर बदलला की ओहम बदलतात. पुस्तकी सूत्राने २५०० हर्ट्झला १ मिलिहेन्रीची कॉइल आणि ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर येतो. तेच मी आधी लावलं आणि टाळ पत्र्यासारखे वाजले. मग मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून इनॅमलची तांब्याची तार घेऊन कॉइल गुंडाळल्या, मित्राचा मोजणीचा माईक आणला आणि रात्री अकरानंतर गच्चीवर टाकीच्या कठड्यावर पेटी ठेवून मोजत बसलो. वर ठेवायचं कारण हे की जमिनीवरून परतणारा आवाज उशिरा येतो आणि मोजणीतून कापून टाकता येतो.

यातली एक युक्ती सोन्यासारखी आहे. सगळं जुळलं असं वाटलं की ट्वीटरच्या दोन तारा मुद्दाम उलट जोडायच्या आणि पुन्हा मोजायचं. जिथे वूफर थांबतो आणि ट्वीटर सुरू होतो तिथे आलेखात खोल खड्डा पडला, तर सुलट जोडणीत दोघं एकमेकांना बरोबर साथ देतात. खड्डा उथळ असेल तर अजून जुळलेलं नाही. माझा खड्डा सहाव्या रात्री पडला.

पेट्या टीव्हीच्या दोन बाजूंना मांडल्या. मी मधे स्टुलावर बसून ऐकलं, शब्द स्वच्छ. बाबा समोर सोफ्यावर. दोन अभंग ऐकून म्हणाले, "चांगलंय रं, पण घुमतंय."

मी ट्वीटर वाढवला. व्यंजनं पुढे आली, पण टाळ कानाला टोचायला लागले. परत कमी केला. तीन आठवडे हेच. एके दिवशी बाबा गावी गेले होते आणि मी सोफ्यावर त्यांच्या जागी बसलो. मोबाईलवर काळी एकचा तंबोरा लावला होता. जोडीच्या तारा ठीक होत्या, पण खर्जाची तार सुटली की अख्खा सोफा भरून जात होता. उठून स्टुलावर आलो, खर्ज जवळजवळ गायब. मागे भिंतीला टेकलो, पुन्हा तोच लोंढा.

आमचा हॉल सिडकोच्या घरातला, आठ फूट रुंद आणि तेरा फूट लांब. आवाजाचा वेग आपल्या हवेत सेकंदाला ३४८ मीटरच्या आसपास. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आठ फूट असतील तर ७१ हर्ट्झचा स्वर त्यांच्यामध्ये उभा राहतो: भिंतींशी भरभरून आणि मधोमध शून्य. काळी एकच्या तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झचा. पेट्या एका लांब भिंतीला, बाबा समोरच्या लांब भिंतीला, आणि मी घरात सगळं मधल्या स्टुलावर बसून ऐकून ठरवलेलं. शिवाय खालचा जोरदार आवाज वरच्या बारीक आवाजांना झाकून टाकतो, आपल्या कानाची रचनाच तशी आहे. ज्याचे वरचे स्वर आधीच क्षीण आहेत, त्याचे शब्द यात बुडणारच. बाबा बरोबर तेच सांगत होते.

टीव्ही आणि पेट्या आखूड भिंतीला नेल्या, दोन्ही बाजूंच्या भिंतींपासून सारखं दोन-दोन फूट अंतर सोडून. दोन पेट्या मध्यरेषेपासून समान अंतरावर असल्या की त्यांचा खालचा आवाज रुंदीतल्या त्या उभ्या लाटेला विरुद्ध बाजूंनी ढकलतो आणि ती उठतच नाही. लांबीची लाट ४४ हर्ट्झला येते, तंबोऱ्याच्या बरीच खाली. सोफा हलल्यामुळे गॅलरीचं दार आता अर्धंच उघडतं, घरात त्यावरून दोन दिवस बोलणं झालं. स्पीकरची वायर मात्र बदलली नाही. घरातल्या वायरिंगची अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची तार आहे, चार मीटरला जाऊन-येऊन रोध ०.०६ ओहमच्या आसपास. महागड्या केबलचे पैसे मरीन प्लायमध्ये घालावेत.

बाबा गावाहून आले, पाय धुतले, सोफा कुठे गेला म्हणून विचारलं आणि बसले. मी काही सांगितलं नाही. दुसऱ्या अभंगाच्या मधे त्यांनी हात वर केला, मला वाटलं काहीतरी खटकलं. ते गायकाबरोबर चरण म्हणत होते, शेवटच्या अक्षरापर्यंत.

गेल्या रविवारी मंडळातले पखवाजवाले काका घरी येऊन ऐकून गेले. त्यांनाही अशीच जोडी हवी आहे. मी टेप घेऊन आधी घणसोलीला त्यांच्या घरी जाऊन आलो. खोली दहा बाय दहा, चौकोनी, म्हणजे लांबी आणि रुंदी दोन्हींची लाट एकाच ५७ हर्ट्झला. त्यांची खाट कुठल्या भिंतीपासून किती सरकवता येईल, ते काकूंना विचारून कळवतो म्हणालेत.