हिमोग्लोबिन उतरलं, म्हणून लगेच लोहाची गोळी नको

१६ आठवड्यांच्या मॅरेथॉन सरावात मी तीनदा रक्त तपासलं. सुरुवातीला हिमोग्लोबिन १४.६ होतं, सहाव्या आठवड्यात १३.५. धावताना दम कमी लागत होता आणि आकडा मात्र खाली!

हा आकडा म्हणजे १०० मिलिलिटर रक्तातलं प्रमाण, अंगातला एकूण साठा नव्हे. लांब पल्ल्याचा नियमित सराव सुरू झाला की प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पाणीदार भाग, काही दिवसांतच वाढू लागतो. १० ते २० टक्के वाढ नेहमीची. तांबड्या पेशी वाढायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात. तोवर रक्त पातळ दिसतं, आणि ते सोयीचंच असतं: ते सहज वाहतं, हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलतं. ७-८ मायक्रॉनच्या तांबड्या पेशीला त्याहून अरुंद केशवाहिनीतून वाकून जावं लागतं. पाऊल आपटताना जुन्या, ताठर पेशी आधी फुटतात. त्यांच्या जागी येणाऱ्या नव्या पेशी जास्त लवचीक असतात.

पण सगळंच पाण्यावर ढकलू नये. माझं फेरिटिन (साठवलेल्या लोहाचा अंदाज देणारं रक्तातलं प्रथिन) २२ निघालं, म्हणजे लोहाचा साठा खरोखर कमी होता. फेरिटिन न पाहता गोळ्या सुरू करणं मला मूर्खपणाचं वाटतं, कारण जादा लोह शरीराला सहजी बाहेर टाकता येत नाही. तपासणीआधी दोन दिवस जोरदार व्यायाम नको आणि पाणी नेहमीइतकंच प्यावं. ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, तेव्हा तपासणीसाठी थांबावं.

डॉक्टरांनी गोळी दिवसाआड दिली. वेळेची गोम अशी: व्यायामानंतर ३ ते ६ तासांत हेप्सिडिन हे संप्रेरक चढतं आणि आतड्यातून लोह शोषलं जाणं मंदावतं. म्हणून मी सकाळी धावण्याआधी गोळी घ्यायचो, लिंबूपाण्यासोबत, चहा-कॉफी तासाभराने. पोट बिघडलं की थोडं खाऊन.

सोळाव्या आठवड्यात हिमोग्लोबिन १४.१, फेरिटिन ४१. गोळीने शौच काळसर होते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. लांब धावल्यावर लघवी लालसर किंवा गडद तपकिरी झाली तर मात्र धावणं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. ते पेशी फुटल्याचं असू शकतं, तसंच स्नायू मोडल्याचंही.