तीन नंबरचा जर्नल

क्रँकचे (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचे) पाच मेन जर्नल, म्हणजे तो बेअरिंगमध्ये ज्या गोल भागांवर फिरतो ते, मोजून झाले तेव्हा वहीत चार आकडे एका रांगेत होते आणि एक फुटून पडलेला. १, २, ४ आणि ५ नंबरचे जर्नल ४४.७३८ मिमीच्या मायक्रॉन-दोन मायक्रॉन (मिमीचा हजारावा भाग) आगेमागे. ३ नंबरचा ४४.७०८. म्हणजे तीस मायक्रॉन बारीक. ग्राइंडिंग लातूरला झालेलं, तो कारागीर माझ्या ओळखीचा नाही, पण त्याचा हात कामात दिसत होता. कुठल्याही जर्नलला टेपर (निमुळतेपणा) नाही, ओव्हॅलिटी (लंबगोलपणा) नाही, कडेची गोलाईसुद्धा राखलेली. असं काम करणारा माणूस बरोबर मधलाच जर्नल चुकवेल, हे मला पटेना.

इंजिन जिप्सीचं. १६ व्हॉल्व्ह, १२९८ सीसी, ब्लॉक ॲल्युमिनियमचा. मालक लातूरकडचा तरुण मुलगा, गाडी ऑटोक्रॉस शर्यतीला पळवतो आणि इंजिन सात हजार आरपीएमच्या वर नेतो. त्याच्यासोबत एक वयस्कर मिस्त्री आले होते. मुलगा त्यांना चाचा म्हणत होता, मी उस्ताद म्हणालो. दोघं मे महिन्याच्या उन्हात पिकअपच्या मागे क्रँक आणि ब्लॉक टाकून माझ्याकडे चिकलठाण्याला (छत्रपती संभाजीनगर) पोचले आणि मुलाचं पहिलं वाक्य, "दादा, आज मापं झाली तर उद्या बसवून टाकू."

आज होत नाही, हे सांगण्यात माझी निम्मी शक्ती जाते. उन्हातून आलेला क्रँक पन्नास अंशांच्या जवळ असतो. माझी मापाची खोली पंचवीसवर. ४५ मिमीचं पोलाद वीस अंशांच्या फरकानं जवळजवळ दहा मायक्रॉन फुगतं, आणि मी शोधत असतो ती जर्नल आणि बेअरिंगमधली तेलाची फट सगळी मिळून चाळीस-पंचेचाळीस मायक्रॉनची. गरम क्रँकला थंड मायक्रोमीटर लावून काढलेला आकडा कितीही दशांशांपर्यंत वाचला तरी तो खोटाच. म्हणून क्रँक, ब्लॉक, शेल (बेअरिंगच्या पातळ अर्धगोल पट्ट्या), मायक्रोमीटर, बोअर गेज (भोकाचा व्यास मोजणारं) सगळं रात्रभर एकाच खोलीत ठेवायचं. इंडो-जर्मन टूल रूममध्ये शिकताना जगभरात मापं २० अंशांना धरतात, हे पहिल्या आठवड्यात कानावर पडलं होतं. वाळूजच्या मोठ्या कारखान्यांत त्यासाठी स्वतंत्र खोल्या आहेत. गॅरेजवाल्यांना मात्र हे कोणी सांगतच नाही, आणि गिऱ्हाईक एअर फिल्टरवर हजारो रुपये घालतं पण मोजण्याचे पैसे मागितले की तोंड पाडतं.

वर दिलेले आकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे, सगळं एका तापमानाला आल्यावरचे. तेव्हा उष्णतेचा संशय मिटला होता. तीस मायक्रॉन खरेच होते.

मुलाला काळजी वाटली नाही. त्यानं मोबाइलवरचे फोटो दाखवले. लातूरला त्यांनी प्लास्टिगेज लावून पाहिलं होतं. मेणाचा बारीक दोरा जर्नलवर ठेवायचा, कॅप (ब्लॉकवर बोल्टनं बसणारा, बेअरिंगच्या भोकाचा दुसरा अर्धा भाग) पूर्ण टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराला, आवळायची, क्रँक हलू द्यायचा नाही, मग कॅप काढून चपटलेल्या दोऱ्याची रुंदी पट्टीवर जुळवायची. पाचही फोटोंत चाळीस मायक्रॉनच्या आसपास. व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी फट हा जुना हिशोब धरला तर ४५च्या जर्नलला हे उत्तम. "बघा ना दादा, पाचही सारखे आहेत."

सारखे होते, आणि मला तेच खुपत होतं. एक जर्नल तीस मायक्रॉन बारीक असताना फट सारखी येते, म्हणजे तिथलं भोकही तीस मायक्रॉन लहान आहे. ते का?

मग मी माझ्या पद्धतीनं गेलो. शेल बसवले, बोल्टच्या आट्यांना तेल लावून कॅप टप्प्याटप्प्यानं पूर्ण टॉर्कला आवळल्या. मायक्रोमीटर त्या त्या जर्नलच्या मापावर लॉक केला आणि त्याच्याच जबड्यात बोअर गेजचा शून्य लावला. असं केलं की गेजची सुई थेट फट सांगते, आणि मायक्रोमीटरमध्ये एखाद्या मायक्रॉनचा दोष असेल तर तो दोन्हीकडे सारखा लागून वजा होतो. माझ्या सगळ्या कामात मला हा भाग सर्वात प्रिय आहे. गेज हलक्या हातानं झुलवत सुई जिथून परत फिरते तो बिंदू धरायचा, परत धरायचा, तिसऱ्यांदा तोच आला तरच लिहायचा.

उभ्या दिशेनं पाचही ठिकाणी ४०. मग गेज उभ्यापासून साठ अंश तिरका केला. शेल मुळातच माथ्यावर जाड आणि जोडाकडे, म्हणजे दोन अर्धे जुळतात तिथे, पातळ असतो, त्यामुळे तिरकं माप थोडं जास्त यायलाच हवं. चार ठिकाणी ४४-४५ आलं. तीन नंबरला डावीकडे ५८ आणि उजवीकडे ५९. शेल काढून रिकामं हाउसिंग, म्हणजे ब्लॉक आणि कॅपचं मिळून होणारं भोक, आवळून मोजलं. बाकीची भोकं गोल, तीन नंबरचं आडव्यापेक्षा उभं तीस मायक्रॉन कमी. प्लास्टिगेजचा दोरा माथ्यावर पडतो आणि माथ्याचंच माप सांगतो. बाजूला काय चाललंय ते त्याला दिसत नाही.

कॅप उलटी करून उजेडात धरली. जोडाची बाजू इतर चार कॅपपेक्षा मंद दिसत होती. कानशीचा एकही ओरखडा नव्हता. सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) निळा रंग लावून फिरवली तर रंग सगळीकडे सारखा लागला. कोणीतरी ती कॅप घासली होती, आणि अप्रतिम घासली होती.

उस्ताद तोवर स्टुलावर गप्प बसले होते. कॅप माझ्या हातात बघून म्हणाले, "मीच घासली ती. काचेवर पॉलिश पेपर ठेवून. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या साली."

म्हणजे २०१६. जिप्सी तेव्हा एका टँकरवाल्याकडे होती आणि गावोगाव फिरायची. तीन नंबरला आवाज आला, तेलाचं प्रेशर पडलं. क्रँक ग्राइंड करून नवे शेल घालायला मालकाकडे ना पैसा ना वेळ. उस्तादांनी कॅप घासून फट कमी केली आणि गाडी उभी राहिली. पुढे कितीतरी वर्षं ती त्याच कॅपवर चालली. आता लातूरला क्रँक ग्राइंडिंगला टाकताना त्यांनी कारागिराला सांगितलं होतं, "तीन नंबर घट्ट जातो, तिथं थोडं जास्त घे." त्यानं बरोबर तीस मायक्रॉन जास्त घेतले.

याच जागी माझं डोकं अजून अडकलेलं आहे. सगळे जर्नल एका मापाचे केले असते, तर तीन नंबरला दहा मायक्रॉन फट उरली असती, कॅप आवळताच क्रँक जाम झाला असता आणि दोष पहिल्याच दिवशी उघड झाला असता. उस्तादांनी त्यांच्या वेळेला योग्य ते केलं, ग्राइंडिंगवाल्यानं सांगितलं ते अचूक केलं, आणि दोघांच्या चांगल्या हातांनी मिळून अंड्यासारखं भोक प्लास्टिगेजपासून लपवलं. चिठ्ठीवर फक्त "०.२५ अंडर, ओके" (मूळ मापापेक्षा ०.२५ मिमी बारीक) एवढंच होतं. आपल्या धंद्यात कोणी काही लिहून ठेवत नाही आणि त्याचा मला मनापासून राग आहे.

मुलगा म्हणाला, "इतकी वर्षं चालली की, मग?" चालली, कारण टँकरच्या मागे ती अडीच-तीन हजारांवर फिरत होती. कॅप घासल्यावर हाउसिंगचा घेर कमी होतो, शेलची लांबी मात्र तीच राहते. जास्तीची लांबी जोडापाशी शेलला आत ढकलते. सात हजारांवर क्रँक वाकतो, झटके सगळ्या दिशांनी येतात, आणि आत आलेली ती कड तेलाचा पापुद्रा खरवडून काढायला लागते. तिरक्या बाजूनं तेल जास्त सुटतं ते वेगळंच. शिवाय ब्लॉक ॲल्युमिनियमचा. तापल्यावर फट आणखी उघडते.

मी जोडणी करायला नकार दिला. पाचही कॅप सारख्या घासून लाइन बोरिंगनं (पाचही भोकं एका रेषेत कापून) हाउसिंग परत ४९ मिमीला आणायचं, क्रँक ०.५० अंडरला न्यायचा, असं सांगितलं. लाइन बोरिंगचं मशीन माझ्याकडे नाही, ब्लॉक पुण्याला पाठवावा लागतो. मुलाची स्पर्धा गेली. तो माझ्याशी नीट बोललाही नाही.

उस्तादांना पुणं पटलं नाही. त्यांचं म्हणणं, तीन नंबरच्या कॅपचा माथा हातानं स्क्रेप करून (खरवडून) ते दोन दिवसांत गोल करून देतील. त्यांचा हात बघता ते करतीलही कदाचित, आणि रस्त्यावरच्या गाडीसाठी मी हो म्हणालो असतो. पण पाच भोकं गोल असणं आणि पाचही एका सरळ रेषेत असणं या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी हातानं होत नाही. यावर आम्ही चहाचे दोन कप होईपर्यंत वाद घातला. त्यांनी माझा बोअर गेज मागून घेतला, स्वतः तिरका धरला, सुई ५८वर बघितली आणि म्हणाले, "ब्लॉक पाठवा पुण्याला. पण घासलेली कॅप बदलू नका, तीच वापरायला सांगा."

तीच वापरायला सांगितली आहे.