एक मूळ संख्या जास्त

मूळ संख्या ओळखणारं एक फंक्शन आमच्याकडे वापरात यायचं होतं आणि ते तपासण्याचं काम माझ्याकडे आलं. ३२ बिटांत मावणाऱ्या संख्या चार अब्जांच्या वर असल्या, तरी आजच्या मशीनला तेवढ्या जड नाहीत. म्हणून नमुने न निवडता मी सरसकट सगळ्याच चालवल्या, आणि पडताळ्याला इरॅटोस्थेनिसची चाळणी लावली, म्हणजे प्रत्येक मूळ संख्येच्या पटी खोडत जाण्याची जुनी पद्धत. चाळणीतून मूळ संख्या निघाल्या २०३२८०२२१. फंक्शनने दिल्या २०३२८०२२२.

हजारभराचा फरक असता तर गडबड कुठे आहे याचा अंदाज तरी बांधता आला असता. एकाचाच फरक म्हटल्यावर आधी टोकं पाहिली: १ मोजला गेलाय का, शेवटची संख्या दोनदा आलीय का. तिथे सगळं ठीक होतं. मग दोन्ही याद्या ताडून पाहिल्या आणि ती सापडली: ३२१५०३१७५१.

अवयव पाडले तर १५१ × ७५१ × २८३५१. सरळसरळ संयुक्त संख्या.

फंक्शनमध्ये मिलर-राबिन चाचणी होती; ती अवयव न पाडता, काही ठरावीक संख्यांच्या, म्हणजे पायांच्या, घातांवरून संख्या मूळ आहे का ते ठरवते. इथे पाये होते २, ३, ५, ७. या संख्येतून एक वजा करून निम्मे केले की १६०७५१५८७५ येतात, म्हणजे विषम. त्यामुळे चाचणी एका पायरीची उरते: पायाचा तेवढा घात करायचा, तपासायच्या संख्येने भागायचं, बाकी १ किंवा संख्येपेक्षा एकाने कमी आली की पास. मी चारही पाये स्वतंत्रपणे करून पाहिले. २ आणि ५ ची बाकी १. ३ आणि ७ ची ३२१५०३१७५०. कोडमध्ये काहीच चुकलेलं नव्हतं, संख्याच तशी होती!

कारण तिच्या अवयवांत आहे. १५०, ७५० आणि २८३५० या तिघांनीही ३२१५०३१७५० ला निःशेष भाग जातो, म्हणजे ही कार्मायकेल संख्या. फर्माच्या साध्या चाचणीला (पायाचा, संख्येहून एकाने कमी, एवढा घात केला की बाकी १ आली पाहिजे) तर ती अवयवांशी सामाईक विभाजक नसलेल्या कुठल्याही पायावर सापडत नाही. शिवाय त्या तिघांतही २ हा अवयव एकेकदाच येतो. त्यामुळे निम्म्या घाताला प्रत्येक अवयवापाशी बाकी १ किंवा उणे १ येते, आणि तिघांचं उत्तर एकच आलं की संख्या पास. आठ शक्यतांपैकी दोन, म्हणजे चौथा हिस्सा पाये. कुठलीही विषम संयुक्त संख्या याहून जास्त पायांवर निसटू शकत नाही, हे राबिन यांनी १९८० मध्ये सिद्ध केलं होतं. ही संख्या त्या मर्यादेला जवळजवळ टेकते. मला हे फार सुंदर वाटतं.

पाया म्हणून ११ घेतला की १५१ पाशी १ येतो, ७५१ पाशी उणे १, आणि बिंग फुटतं. पोमरन्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांनी १९८० मध्येच दाखवलं होतं की २५ अब्जांच्या आत हे चारही पाये पार करणारी संयुक्त संख्या एवढी एकच आहे. नुसत्या यादृच्छिक नमुन्यांवर ती हाती लागणं जवळपास अशक्यच होतं.

दुरुस्तीत पाये वाढले नाहीत, उलट घटले. २, ७, ६१ हे तीन पाये ४७५९१२३१४१ च्या खाली पुरतात, हा येश्के यांचा १९९३ चा निष्कर्ष. ते घातले आणि पूर्ण फेरी पुन्हा चालवली, गणती जुळली. ६४ बिटांच्या आवृत्तीत अशी फेरी शक्य नाही, म्हणून तिच्या चाचण्यांत या संख्येशेजारी २१५२३०२८९८७४७ ही घातली. ती २, ३, ५, ७, ११ हे पाचही पाये पार करते आणि १३ वर अडते.