दस्तऐवजातला ‘एन’ नेमका कुठे?
पायथन आणि फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषांच्या मिश्र प्रकल्पाचे दस्तऐवज आपोआप तयार करणारा, सहकाऱ्याने लिहिलेला कोड मी ओळ न् ओळ तपासला. तो फोरट्रानची मूळ फाइल वाचून फंक्शनची आर्ग्युमेंट (त्याला द्यायची मूल्ये) त्याच क्रमाने छापत होता. परंतु फोरट्रानचा कोड पायथनमधून वापरू देणारे एफटूपाय हे साधन वापरल्यावर इनपुट अ‍ॅरेची (मूल्यांच्या संचाची) लांबी सांगणारा ‘एन’ ऐच्छिक होऊन आर्ग्युमेंटच्या यादीच्या शेवटी जातो आणि ‘इंटेंट आउट’ (फक्त बाहेर देण्यासाठी) अशी खूण असलेला अ‍ॅरे फंक्शनचे उत्तर म्हणून परत येतो. छापील पानावर विसंबून एखाद्या विद्यार्थ्याने ते फंक्शन वापरले, तर पहिल्याच ओळीला एरर येणार, आणि हे मला मुळीच मान्य नव्हते. क्रम एफटूपायच्या डॉकस्ट्रिंगमधून, म्हणजे ते फंक्शनला आपोआप जोडत असलेल्या वर्णनातून घ्यावा, असे मी सुचवले. मात्र फोरट्रानमधील टिप्पण्या त्या डॉकस्ट्रिंगमध्ये येत नाहीत, त्यामुळे ‘तापमान केल्विनमध्ये’ ही मोलाची ओळ मूळ फाइलमधूनच उचलून आर्ग्युमेंटच्या नावानुसार जोडावी लागेल.