मधले तेरा तास

नागपूरच्या धंतोलीतल्या ज्या दवाखान्यात मी मानसतज्ज्ञ म्हणून काम करते, तिथे न्यूरोच्या वॉर्डातून फोन आला की बहुधा पक्षाघाताच्या पेशंटची स्मृती तपासायची असते. त्या सकाळी मात्र सिस्टर हसू दाबत म्हणाल्या, "मॅडम, लवकर या. एका काकूंनी मला २८ वेळा वार विचारला."

काकू ६१ वर्षांच्या, महालातल्या. कार्तिकस्नान म्हणून पहाटे डोक्यावरून गार पाणी घेतलं, काकडआरतीला निघाल्या आणि दारातच अडकल्या. "काहून रे, मी इथं कशी आली? आज कोणता वार हाय?" मुलगा सांगायचा, त्या मान डोलवायच्या. दोन मिनिटांनी तेच वाक्य, त्याच सुरात. 'काहून'वरचा जोरसुद्धा तोच.

मुलाने मोबाइलवर लग्नाचे फोटो काढून ठेवले होते. "आई, मी कोण?"

"काहून, येडा झाला काय?"

तो हिरमुसलाच जरा. हिंदी सिनेमे पाहिलेल्या माणसाला वाटतं, स्मृती गेली म्हणजे आता नाव-गाव सगळं पुसलं. सोबतच्या मामांनी तर मला बाजूला घेऊन विचारलं, डोक्याला हलका टोला दिला तर? मुळात टोला बसलाच नव्हता! आणि बसला असता, तरी दुसऱ्या टोल्याने इजा वाढते, आठवण परत येत नाही.

पडद्यावरची नायिका स्वतःचं नाव विसरते, पण नवी माणसं, नवं प्रेम तिला छान लक्षात राहतं. वॉर्डात बहुतेक वेळा उलटं असतं. अमेरिकेत १९५३ मध्ये फिट्स थांबवायला हेन्री मोलेसनच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा, दोन्ही बाजूंचा बराच हिस्सा काढला. २००८ मध्ये मरेपर्यंत त्याला स्वतःचं नाव माहीत होतं, बालपण आठवत होतं. पण मानसतज्ज्ञ ब्रेंडा मिल्नर अनेक वर्षं त्याला तपासत होत्या, तरी प्रत्येक भेटीत त्याच्यासाठी त्या अनोळखीच.

मी काकूंना तीन शब्द दिले: संत्रं, चावी, घोडा. लगेच म्हणून दाखवले. मग महिने उलटे म्हणायला लावले. फाल्गुनापासून चैत्रापर्यंत एकही चूक नाही. आता ते तीन शब्द? "कोणते शब्द वो?" हातात कापूस दिला, तर बोलता बोलता वाती वळू लागल्या. हात काही विसरले नव्हते.

एमआरआय आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युतलहरींची तपासणी) स्वच्छ आले. डॉक्टरांनी पक्षाघात आणि फिट वगळून निदान केलं, ट्रान्झियंट ग्लोबल अॅम्नेशिया, म्हणजे काही तासांपुरता विसर पडण्याचा आजार. बहुधा पन्नाशीनंतर होतो, २४ तासांच्या आत आपोआप जातो. कधी गार पाणी, कधी अतिश्रम किंवा मोठा ताण हे निमित्त होतं. नेमकं कारण अजून कुणालाच सापडलेलं नाही.

दुपारी सून डबा घेऊन आली आणि काकूंनी तिचा हात धरून शेजारी बसवलं. "जेवली का बाई तू? किती सुकली." सून अवाकच. नंतर मला कॉरिडॉरमध्ये म्हणाली, दिवाळीच्या आधीपासून आमचं बोलणं बंद आहे. वेगळ्या बिऱ्हाडाच्या विषयावरून. काकूंच्या डोक्यातून तेवढे मागचे दोन महिनेही गेले होते, त्यातच भांडण गेलं. दुपारभर ती हलली नाही. तेच तेच प्रश्न, तीच तीच उत्तरं, आणि दर थोड्या वेळाने "जेवली का बाई तू?" दर वेळी ती म्हणाली, "जेवली, आई." डबा तसाच होता.

सहाच्या सुमारास प्रश्न विरळ झाले. मग थांबले. रात्रीपर्यंत दिवाळी परत आली, भांडणही. पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचे तेरा तास मात्र गेले ते गेलेच. ते या आजारात परत येत नाहीत. 'सदमा'चं बाकी काही वैद्यकशास्त्राला धरून नाही, पण शेवटी श्रीदेवी बरी होते आणि आजारातले दिवसच तिच्यापाशी उरत नाहीत, ते मला त्या रात्री पहिल्यांदा पटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. सामान भरताना काकूंना उशाखाली वाती सापडल्या. त्या मुलाला म्हणाल्या, "विचार तिले, ह्या कोणं वळल्या?"

"तुम्हीच, आई," सून म्हणाली.

काकूंनी मुलाकडे पाहिलं, बघ कशी खोटं बोलते ते.