मामाशी न भांडण्याचा आठवडा

सोमवार, रात्र

मामाचे आज दिवसभरात सात व्हिडिओ. सातवा आला तेव्हा पावणेअकरा वाजले होते, म्हणजे मामी झोपल्यावर. सातांचं सांगणं एकच: निवडणुका हा नुसता देखावा आहे, निकाल मूठभर लोक बंद खोलीत आधीच ठरवून टाकतात आणि आपण उगाच रांगेत उभे राहतो. निवेदकाचा आवाजही तोच, खर्जातला, दर वाक्यानंतर दम खाणारा. मागे ढगांचा गडगडाट.

हा आठवडा भांडायचं नाही असं ठरवलंय, म्हणून नुसता अंगठा पाठवला. लगेच उत्तर आलं, "अंगठा नको. बघून सांग."

बघितला. पुरावा म्हणावा असं त्यात काहीच नव्हतं, पण चौथ्यांदा "हे योगायोगाने घडतं का?" ऐकल्यावर माझ्याही मनात आलं की खरंच, घडतं का? हसू नका. एखादं विधान नुसतं वारंवार कानावर पडलं तरी ते जास्त खरं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी 1977 सालीच प्रयोग करून दाखवलंय. मामाने तर सात वेळा ऐकलं, आणि तेही एका दिवसात.

मंगळवार

मामाला बावळट समजणाऱ्यांचा मला राग येतो. गेल्या वर्षी घरच्या समारंभात धाकट्या आतेभावाने सगळ्यांदेखत त्याची नक्कल केली. तोच गडगडाट, तोच खर्ज. सगळे हसले. मीही हसले. मामा हसला नाही. ताट घेऊन आतल्या खोलीत गेला आणि तेव्हापासून घरच्या ग्रुपवर काही टाकत नाही. आता ज्या ग्रुपांवर टाकतो तिथे कुणी नक्कल करत नाही. तिथे त्याला 'सर' म्हणतात.

आणि मामाचा संशय काही आकाशातून पडलेला नाही. तो आयुष्यभर एका कार्यालयात हिशेब सांभाळायचा. तिथे एका वर्षी त्याला दोन नोंदवह्यांतला फरक सापडला. त्याने रीतसर वर कळवलं. पुढच्या महिन्यात त्याची बदली झाली आणि त्याचा अर्ज फाइलमधून गायब झाला. चार वर्षांनी सगळं बाहेर आलं, तेव्हा मामाने लिहिलेला शब्द न् शब्द खरा निघाला. कुणी त्याची माफी मागितली नाही. वरचे लोक मिळून खोटं बोलतात हे त्याने कुठल्या व्हिडिओत पाहिलेलं नाही, स्वतः भोगलेलं आहे. अशा माणसाला 'अधिकृत खुलासा' दाखवून पटवायला जाणारी मी.

बुधवार

फोन. व्रत मोडलं, पण फक्त वीस मिनिटं.

मी म्हणाले, इतका मोठा कट इतक्या लोकांना गुपचूप ठेवता येत नाही. मामा वाटच बघत होता. "मग निक्सनचं काय?"

निक्सनवर, म्हणजे अमेरिकेच्या त्या राष्ट्राध्यक्षावर, माझी तयारी आहे. 17 जून 1972 च्या रात्री वॉशिंग्टनमधल्या वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कार्यालयात पाच जण पकडले गेले. कशामुळे, तर दार आपोआप कुलूपबंद होऊ नये म्हणून त्यांनी खिट्टीवर चिकटपट्टी लावली होती. पहारेकऱ्याने ती काढून टाकली, तर पठ्ठ्यांनी पुन्हा लावली! पुढे खुद्द राष्ट्राध्यक्षाच्या कार्यालयातल्या ध्वनिफिती बाहेर आल्या आणि ऑगस्ट 1974 मध्ये त्याला पायउतार व्हावं लागलं. "मामा, जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाला एक चिकटपट्टी निस्तरता आली नाही. आणि तुझी ती बंद खोली पन्नास वर्षं एकही चूक करत नाही?"

मामा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "आणि टस्कीगी?"

हे कुठून कळलं त्याला कोण जाणे, पण हे खरं आहे. 1932 ते 1972, चाळीस वर्षं, अमेरिकी सरकारच्या आरोग्य खात्याने अलाबामात उपदंश झालेल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचारच केले नाहीत. रोग शेवटपर्यंत कसा वाढत जातो एवढंच पाहिलं. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही दिलं नाही. त्या माणसांना काय सांगितलं होतं, तर तुमचं रक्त दूषित आहे, आम्ही इलाज करतोय.

"चाळीस वर्षं," मामा म्हणाला. "बोल आता."

मला उत्तर सुचलं नाही. म्हणाले, दूध उतू जातंय, ठेवते. दूध वगैरे काही नव्हतं.

बुधवार, मध्यरात्र

उत्तर आत्ता सुचलं, नेहमीप्रमाणे अंथरुणात. टस्कीगी हे खऱ्या अर्थाने गुपित नव्हतंच. त्याचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांत छापून येत होते. डॉक्टर वाचत होते. त्या माणसांपासून लपवलं, बाकी जगाला दिसेल असं ठेवलं, आणि जगाने पान उलटलं. बंद खोलीची गरजच पडली नाही. मला हे मामाच्या व्हिडिओंपेक्षा जास्त भयंकर वाटतं. पण मामाला सांगितलं तर तो म्हणेल, बघ, म्हणजे सगळेच सामील. आणि त्याला 'नाही' म्हणताना माझी जीभ थोडी अडखळेल.

शुक्रवार

काल काही लिहिलं नाही.

आज 'तिचा' वाढदिवस. सव्वा वर्ष आम्ही बोललेलो नाही. कॉलेजात एका बाकावर बसायचो, एकमेकींच्या घरच्यांना अजून आमचं फाटल्याचं माहीत नाही. तिचंही आधी मामासारखंच चाललं होतं, कोण पडद्यामागून सूत्रं हलवतं वगैरे. मी ऐकून घ्यायची. मग हळूहळू त्या 'कोण'ला चेहरा आला. एक विशिष्ट समाज. ते लोक ठरवून इथे राहायला येतात, ठरवून मुलं जन्माला घालतात, ठरवून दुकानं विकत घेतात. तिच्या मुलीच्या वर्गात त्यांच्यातली एक मुलगी होती. वर्गशिक्षिकेला सांगून आपल्या मुलीची जागा बदलून घेतल्याचं तिने मला अभिमानाने सांगितलं.

तेव्हा मी थांबले. मामाच्या बंद खोलीतल्या माणसांना मामा काही करू शकत नाही. पण त्या आठ वर्षांच्या मुलीच्या शेजारची जागा खरोखर रिकामी झाली.

हे किती लांब जाऊ शकतं याची जुनी उदाहरणं वाचली की अंगावर काटा येतो. 2 सप्टेंबर 1666 ला लंडनमध्ये पुडिंग लेनवरच्या एका बेकरीत आग लागली आणि जवळजवळ सगळं जुनं शहर जळालं. हवा कोरडी, वारा जोराचा, घरं लाकडी. पण लोकांना वारा पुरेना, माणूस हवा होता. फ्रेंच आणि कॅथलिक दिसेल तिथे मार खाऊ लागले. रोबेर ह्यूबेर नावाच्या एका भ्रमिष्ट फ्रेंच घड्याळजीने आपणच आग लावल्याचं कबूल केलं. त्याला फासावर चढवलं. आरोपपत्रावर सह्या करणाऱ्यांत त्याच बेकरीवाल्याच्या घरची माणसं होती! नंतर उघड झालं की आग लागल्यावर दोन दिवसांनी तो लंडनमध्ये उतरला होता. तरी 1681 मध्ये स्मारकावर ही आग कॅथलिकांच्या कारस्थानाने लागली असं कोरलं गेलंच, आणि ते कायमचं खोडलं गेलं 1830 साली. इतक्या लवकर.

तिला शुभेच्छा टाइप केल्या. पाठवल्या नाहीत. मामाला सवलत आणि तिला नाही, हा न्याय आहे की रक्ताचं नातं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शनिवार

आज माझीच फजिती.

टस्कीगीवर मात करायला दारूगोळा शोधत बसले होते. माझ्याकडे एक हुकमी पान आहे, कितीतरी बैठकांत टाकलेलं. 2012 साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं होतं की राजकुमारी डायनाने स्वतःच्या मृत्यूचं नाटक केलं असं ज्यांना जास्त वाटतं, त्यांनाच तिचा खून झाला असंही जास्त वाटतं. म्हणजे एकाच डोक्यात ती जिवंतही आणि मेलेलीही. हे सांगितलं की हमखास हशा पिकतो. मी त्याला स्वतःची फोडणीही द्यायची, "अशा माणसांशी वाद काय घालणार?"

आज मुळातून वाचायला गेले तर 2023 मधला दुसरा अभ्यास समोर आला. त्यांनी हीच गोष्ट नव्याने तपासली. तो संबंध मुख्यतः कशामुळे दिसतो, तर दोन्ही गोष्टींना ठाम 'नाही' म्हणणाऱ्या लोकांमुळे. दोन्हींना कमी गुण देणारे पुष्कळ असले की आकडेवारीत दोन उत्तरं हातात हात घालून चालताना दिसतात. दोन्ही खरं मानणारी माणसं फार थोडी.

मी बराच वेळ त्या पानाकडे बघत बसले. पहिला विचार आला तो असा की ह्या नव्या लोकांचाच काहीतरी हेतू असेल. शप्पथ, हाच आला. दुसरा विचार, कुणाला कळणार आहे, आपण सांगत राहू. आणि तिसरा, मी अकरा वर्षांत कधी मूळ लेख उघडला का नव्हता? कारण सोपं आहे. समोरचा वेडा आहे हे त्यातून सिद्ध होत होतं आणि मला तेच हवं होतं. मामा गडगडाट लावून ऐकतो, मी आलेख लावून ऐकत होते, एवढाच काय तो फरक.

रविवार

मामाकडे जाऊन आले. सांगून टाकलं.

मामाला इतका आनंद मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. "अगं ऐकलंस का," मामीला आतून बोलावून आणलं, "हिचे शास्त्रज्ञ चुकले!" मामी हात पुसत आली, माझ्याकडे पाहिलं, परत गेली. मामाने तेच तीनदा म्हणून घेतलं. मी म्हणू दिलं.

मग म्हणाला, "पण तुला हे कळलं कुठून?"

"त्याच विषयातल्या दुसऱ्या लोकांनी तपासून छापलं."

"उघड?"

"उघड."

"आणि त्यांना कुणी गप्प नाही केलं?"

"नाही, मामा."

"हं." तो बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आलं काहीतरी हाताशी. तर म्हणाला, "इतक्या फुटकळ मुद्द्यावर कोण कशाला कुणाला गप्प करेल?"

हसायला आलं मला, आणि त्यालाही. जरा वेळाने तो उठला आणि कपाटातून कापडात बांधलेलं एक पुडकं घेऊन आला. त्या प्रकरणाची कागदपत्रं. इतक्या वर्षांत मला कधी दाखवली नव्हती, असतील असं वाटलंही नव्हतं. नोंदवहीच्या पानांच्या प्रती, प्रत्येकीवर तारीख, कुणाची सही, समासात मामाच्या बारीक अक्षरात 'बेरीज जुळत नाही', पुढे फरकाचा आकडा. बोटाने ओळ दाखवत त्याने मला सगळं समजावून दिलं, लहानपणी गणित शिकवायचा तसं. कुठे काही अंदाजाने नाही. जिथे खात्री नाही तिथे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह. एका ठिकाणी स्वतःचीच चूक खोडून दुरुस्त केलेली.

मला राहवलं नाही. "मामा, त्या व्हिडिओंत असं एक तरी पान आहे का रे?"

त्याने कागदांच्या कडा जुळवल्या. चिडला नाही. "ते लोक असे कागद मागे ठेवत नाहीत, बाळ."

"तुझ्या साहेबांनी ठेवले."

"ते साधे चोर होते."

पुडकं पुन्हा कापडात बांधलं, गाठ मारली, कपाटात ठेवलं. मी निघाले तेव्हा दारापर्यंत आला, पोचलीस की कळव म्हणाला.

पोचल्याचं कळवलं. पावणेअकराला व्हिडिओ आला. निवेदक नवीन आहे.