परड्यातला फणस

आंबोलीमार्गे जाणार असाल तर जुलैचे शनिवार-रविवार टाळा. धबधब्यापाशी गाड्यांची रांग, प्रत्येक गाडीत वेगळं गाणं, रस्त्यावर कणसांची बुरकुंडं. आमची एसटी तिथे दीड तास अडकली. आम्हाला घाटाखालच्या एका गावात पोचायचं होतं, तेही कुजकं लाकूड गोळा करायला.

कुजक्या लाकडात यीस्ट राहतात. पाव फुगवणाऱ्या नेहमीच्या यीस्टला लाकडातली झायलोज ही साखर आंबवता येत नाही. ज्यांना येते ती सापडली, तर काडीकचऱ्यापासून इथेनॉल करायला मदत होईल. ब्राझीलच्या अ‍ॅमेझॉन जंगलातल्या कुजक्या लाकडातून मिळालेल्या स्पाथास्पोरा या अशाच यीस्टच्या गटातल्या चार नव्या जाती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तेव्हापासून आपल्या सह्याद्रीतला प्रत्येक पडका ओंडका मला खुणावतो.

पहिले दोन दिवस पाऊस, जळवा आणि न वाळणारे मोजे.

तिसऱ्या दिवशी देवराईत शिरलो. बाहेरच्या रानात पडलेली फांदी लवकरच कुणाच्या तरी चुलीत जाते. इथे झाड पडतं ते तिथेच राहतं, वर्षानुवर्षं. शेवाळलेला ओंडका, बोट दाबलं की पाणी सुटावं इतका मऊ. मी चाकू काढला आणि सोबतचे काका हळूच म्हणाले, "बाय, ह्या फोडूचा नाय. राईतली काडीसुद्धा कोण उचलीत नाय."

माझ्या पिशवीत वनखात्याचं परवानगीपत्र होतं. ते काढून दाखवावं असं क्षणभर वाटलं, याची मला अजून लाज वाटते. तो ओंडका कुजायला शिल्लक राहिला होता, तोच मुळी काकांसारख्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या काडी उचलली नाही म्हणून. चाकू मिटवला. बराच वेळ पावसात तसेच उभे होतो. मग काकाच म्हणाले, "माझ्या परड्यात फणस पडलो आसा. तो बघ."

घरामागच्या परड्यात पडलेला तो फणस बाहेरून भुसा झालेला, आतला गाभा मात्र पिवळाधमक. साल उचलली तर खाली बोगदा, त्यात काळे कुळकुळीत भुंगे आणि शेजारी पांढऱ्या अळ्या. पासालिड! हे भुंगे कुटुंबाने राहतात, लाकूड चावून अळ्यांना भरवतात. स्पाथास्पोराची पहिली जात २००६ मध्ये वर्णिली गेली, ती अमेरिकेतल्या अशाच भुंग्याच्या आतड्यातून मिळाली होती, म्हणून तिचं नाव पासालिडारम. एक भुंगा चिमटीत धरून कानाशी नेला. चिर्र, चिर्र. पोट पंखांवर घासून ते हा आवाज काढतात. मग काकांच्या कानाशी धरला. सत्तरी उलटलेला माणूस, डोळे मोठे करून म्हणाला, "बोलता मरे!"

चार चमचे भुसा घेतला, भुंगा परत ठेवला, साल होती तशी लावली. काकूंनी पेज आणि खारातली कैरी वाढली. इतकं चवीचं जेवण मी त्या आठवड्यात दुसरीकडे जेवले नाही.

पुण्यात भुसा झायलोजच्या माध्यमात वाढवला, जिवाणू वाढू नयेत म्हणून त्यात क्लोरॅम्फेनिकॉल हे प्रतिजैविक. प्लेटवर मलईच्या ठिपक्यांसारख्या वसाहती आल्या. मग त्यांच्या डीएनएतला डी१-डी२ हा सुमारे सहाशे अक्षरांचा तुकडा वाचायचा. ओळखीच्या जातीपेक्षा तीनपर्यंत अक्षरं वेगळी असली तर सहसा तीच जात, सहा किंवा जास्त असली तर बहुधा वेगळी. बहुतेक ओळखीचीच निघाली. फणसातल्या एकात सात अक्षरं वेगळी होती. ती मी तीनदा मोजली.

एवढ्यावर नवी जात जाहीर करता येत नाही. आणखी जनुकं, कुठल्या साखरा चालतात, बीजाणू कसे दिसतात, सगळं तपासायचं असतं. शिवाय एकाच नमुन्यावरून त्या जातीत आपापसात किती फरक असतो ते कळत नाही. त्याच ओंडक्यातून अजून नमुने हवेत. धाकधूक करत काकांना फोन लावला, ओंडका आहे की गेला चुलीत?

"थंयच आसा. भुंग्यांक पाणी लागता म्हणान वर झाप घातलंय."

यंदा आषाढातच पुन्हा जाते आहे. काकांसाठी भुंग्यांचा फोटो मोठा करून घेतला आहे, अळ्यांसकट.